भीमेच्या काठची वाट कोणत्या मनाने चालावी?



मोहोळ तालुक्यातील एका आजींनी विचारलेल्या प्रश्नाने हा लेख लिहावयास लावला. त्यांच्या घराने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली. देव्हारा निघाला, त्या जागी भगवंतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली, नातवंडांनी त्रिसरण-पंचशील पाठ केले. पण आषाढ लागला की आजींचे पाय घरात ठरेनात. पस्तीस वर्षे त्यांनी पंढरीची वाट पायी तुडवली होती. त्या म्हणाल्या, "देव सोडला बाबा, पण चालणं कसं सोडू? आपल्या धम्मात चालायला कुठं जायचं असतं का नाही?"

घरातील तरुण मंडळी हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. त्याच घरातील थोरला नातू दर 1 जानेवारीला कोरेगावला जातो. त्याचा प्रश्न वेगळा होता. तो म्हणाला, "आमच्या पूर्वजांनी लढाई गाजवली म्हणून मी मान ताठ करून जातो. परत आल्यावर विहारात अहिंसेवर प्रवचन ऐकतो. या दोहोंतलं खरं कोणतं धरू?"

वाचकहो, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात, पण मुळाशी एकच आहेत. ज्या वाटेवर भक्तीचा किंवा युद्धाचा इतिहास सांडला आहे, त्या वाटेवरून बौद्धाने चालावे काय, आणि चालावयाचे तर कोणत्या मनाने?

प्रथम चालण्याचाच विचार करू. आपल्या वाडवडिलांइतके या मुलखात कोण चालले असेल? गावचा सारा तालुक्याला पोहोचवावयाचा तर महाराने चालावयाचे. मयताची सांगी परगावी न्यावयाची तर महारानेच. साहेबाच्या घोड्यापुढे धावावयाचे, परक्याला वाट दाखवावयाची, दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर शीव दाखवावयास पुढे व्हावयाचे. प्रत्येक ओढा, प्रत्येक उतार, नदीत पाय कुठे टेकतो आणि कुठे डोह आहे, हे सर्व त्यांना ठाऊक होते. परंतु यांतले एक पाऊलही त्यांच्या स्वतःच्या मर्जीचे नव्हते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी बिल आणले, आणि पुढे 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली, तेव्हा कुठे ती हुकमाची चाल थांबली. मुलखाची सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस त्या मुलखात कधी मोकळेपणाने फिरलाच नाही, ही गोष्ट थोडा वेळ मनात घोळवून पाहा. आजींना वारी का आवडत होती, याचेही उत्तर त्यातच असेल. वर्षातून एकदा कुणाच्या हुकमाशिवाय चालावयास मिळे.

आणि धम्म तर चालत चालतच वाढला आहे. संबोधी प्राप्त झाल्यावर भगवंत बोधगयेहून सारनाथला पायी गेले. पहिले साठ भिक्खू तयार झाले तेव्हा त्यांना निरनिराळ्या वाटांनी धाडले, दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावून. पंचेचाळीस वर्षे ही चारिका चालली. मात्र एक फरक लक्षात ठेवा. वारी भर पावसाळ्यात चालते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरी पोहोचते. भिक्खूंचा वर्षावास त्यानंतर चार-पाच दिवसांत, आषाढ पौर्णिमेपाशी सुरू होतो. उगवत्या पिकावर आणि बारीक जीवजंतूंवर पाय पडू नये म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका ठिकाणी राहावे, असा तो नियम. तेव्हा आजी, चालावयाचे ते थंडीत. ज्वारी हुरड्याला आलेली असते, पाणंदी कोरड्या असतात, आणि म्हातारपणी घसरून पडण्याची भीतीही कमी.

कोणती वाट? फार लांब जावयास नको.

मोहोळच्या पश्चिमेस, पंढरपुराच्या बाजूला आष्टी हे गाव आहे. तेथे मोठा मातीच्या धरणाचा तलाव आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या गावाच्या परिसरात 20 फेब्रुवारी 1818 रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. जनरल स्मिथच्या घोडदळाने दुसऱ्या बाजीरावाला गाठले. बाजीराव पळून गेला; त्याचा सेनापती बापू गोखले पाठीमागे राहून लढला आणि तेथेच पडला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह तोवर पेशव्याच्या ताब्यात होते, ते या दिवशी इंग्रजांच्या हाती आले. कोरेगावची लढाई 1 जानेवारीची. म्हणजे अवघ्या पन्नास दिवसांत त्याच युद्धाचा हा पुढचा अंक तुमच्या तालुक्यात घडला. कोरेगावही भीमेच्याच काठी आहे. तेथून वाहिलेले पाणी पुढे तुमच्या शिवारावरून जाते.

आता नातवाचा प्रश्न. कोरेगावला लाखो लोक जातात. आष्टीला कुणी जात नाही. समजा आपण गेलो, तर तेथे उभे राहून काय वाटावयास हवे? पेशवाई बुडाली म्हणून आनंद? ज्या राजवटीत आपल्या माणसांना माणूस म्हणून जागा नव्हती ती गेली, याचे दुःख करण्याचे आपल्याला काही कारण नाही, हे स्पष्टच सांगतो. पण राजवट जाणे वेगळे आणि माणूस मरणे वेगळे. धनी पळून गेला असता मागे उभा राहिलेला एक सेनापती आणि त्याच्याभोवती पडलेले नाव नसलेले शिपाई, यांच्या मरणाचा आनंद मानणे बौद्धाला शोभत नाही. जिंकणारा वैर पेरतो आणि हरणारा दुःखात झोपतो, हा धम्मपदातील विचार आपण विहारात ऐकतो. तो फक्त दुसऱ्यांसाठी सांगितलेला नाही.

"मग कोरेगावला जाऊ नये काय?" असे नातू लगेच म्हणाला. जावे. परंतु तेथे काय पाहावयाचे ते नीट ठरवून जावे. बाबासाहेब स्वतः 1 जानेवारी 1927 रोजी तेथे गेले होते. त्या शिपायांनी काय केले होते? 31 डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघून रात्रभर चालून ते सकाळी कोरेगावला पोहोचले. समोर त्यांच्या कितीतरी पट फौज. गावात शिरले आणि दिवसभर अन्नपाण्याशिवाय टिकून राहिले. नदी समोर वाहत होती आणि घसा कोरडा होता. रात्री फौज मागे हटेपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. तेथील स्तंभावर 49 नावे आहेत. त्यांतील 22 महारांची मानली जातात. हे धैर्य खरे आहे आणि ते आपले आहे. पण ज्या सरकारसाठी ते लढले, त्याच सरकारने 1892-93 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली, हेही तितकेच खरे. तेव्हा त्या स्तंभापुढे उभे राहून इंग्रजांचा विजय साजरा करावयाचा नाही. भित्रेपणा हा आपल्या रक्तात आहे असे ज्यांनी शतकानुशतके सांगितले, त्यांचे म्हणणे खोटे होते, एवढेच तेथून घेऊन यावयाचे.

आणि बाबासाहेबांनी तेथून काय घेतले, ते तारखाच सांगतात. 1 जानेवारीला कोरेगाव. त्यानंतर अडीच महिन्यांनी, 20 मार्च 1927 ला महाड. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव 1923 सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. परिषदेच्या मंडपातून हजारो माणसे रांगेने चालत निघाली आणि चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. नंतर लोकांवर हल्ला झाला, जेवणाच्या पंगतीत माती कालवली गेली. जमलेल्यांत पलटणीतून परतलेले लोक होते. त्यांना हात उचलता येत नव्हता असे नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. अंगात बळ असलेली माणसे आवरून धरली गेली, म्हणून महाडच्या चालण्याला तेवढे तेज आले. पुढे कोर्टात तो लढा दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

येथे कुणी म्हणेल, ही तर गांधीजींची अहिंसा झाली. तसे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेविषयी फार नेमके लिहिले आहे. अहिंसा हे त्यांनी तत्त्व मानले आहे. आंधळा नियम मानलेले नाही. जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व माणसाला विचार करावयास लावते. कोरेगावचा शिपाई तोफेच्या तोंडी होता. त्याला निवड करावयास फारशी जागा नव्हती. तुम्ही-आम्ही तेथे दोनशे वर्षांनी जातो तेव्हा आपल्याला निवड आहे. त्याच्या हातातील बंदूक उचलून आजच्या शेजाऱ्यावर मनातल्या मनात रोखावयाची की त्याचे न डगमगणे उचलावयाचे, हे आपणच ठरवावयाचे आहे.

याच ग्रंथात रोहिणी नदीची कथा आहे. नव्या घरांनी ती मुलांना वारंवार सांगावी, कारण तुमच्या तालुक्याला ती फार जवळची आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी वाहत होती. दोघांचेही शेत तिच्यावर. पाणी आधी कुणी घ्यावयाचे यावरून तंटे होत, एकदा मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्य संघाच्या सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता. तो उठून म्हणाला की आपल्या लोकांनीच आधी आगळीक केली असल्याचे ऐकतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी निवाडा करावा. ठराव बहुमताने त्याच्याविरुद्ध गेला. सैन्यात जाण्यास त्याने नकार दिला. मग घरच्या लोकांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती यायची, किंवा स्वतः फाशी अथवा देशत्याग पत्करावयाचा, असा प्रसंग आला. घरच्यांवर संकट नको म्हणून त्याने देशत्याग पत्करला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एका रात्रीत घर सोडल्याची जुनी गोष्ट बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांच्या मते एका नदीच्या पाण्याच्या भांडणात युद्धाला नकार दिल्यामुळे सिद्धार्थाला परिव्राजक व्हावे लागले. आपल्या शास्त्याचे चालणे असे पाण्यापासून सुरू झाले.

आता तुमचा बंधारा, तुमचा पाट, तुमची मोटार पाहा. 1980 साली उजनी धरण पुरे झाले, कॅनॉलला पाणी आले, ऊस आला. पाणी आले तसे तंटेही आले. पाळी कुणाची, दार कुणी उघडले, रात्री कुणी फोडले. पाचांचा निवाडा घेण्याऐवजी कुऱ्हाड घेणारी माणसे आपल्या समाजातही आहेत, हे लपवून काय उपयोग? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना नद्यांचे पाणी प्रांताप्रांतांनी भांडून वाया घालवू नये म्हणून झटत होते. जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांचा केंद्रीय आयोग 1945 साली स्थापन झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. चवदार तळ्याचा माणूस नदीच्या वाटणीचाही विचार करीत होता, हे आपल्या व्याख्यानांतून फारसे ऐकू येत नाही.

आष्टीच्या तलावाकडे पुन्हा या. त्याचे काम 1876-77 च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास हाती घेतले गेले. त्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी कामांवर उपाशी माणसे माती वाहत होती, आणि मजुरी इतकी उतरवली गेली की दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर एवढ्यावर मोठ्या माणसाने दिवसभर खपावे. लोकांनी ठिकठिकाणी ती कामे सोडून निषेध केला. धरणाच्या भिंतीवरून चालताना पायाखाली ही माती असते. लढाईत पडलेल्यांच्या नावाचा दगड उभा राहतो. पाटी वाहताना पडलेल्याचे नाव कुठेही कोरलेले नसते, आणि ती माणसे मुख्यतः कोण होती हे सांगावयास नको.

मोहोळहून दक्षिणेची वाट धरली तर कुरूल, कामती करीत बेगमपूरला भीमा गाठता येते. औरंगजेबाच्या घराण्यातील स्त्रीची कबर तेथे असल्याने गावाला हे नाव पडले. पलीकडच्या तीरावर माचणूर. या ब्रह्मपुरीत बादशहाची छावणी 1695 पासून 1699 पर्यंत होती. सगळा हिंदुस्थान जिंकावयास निघालेला माणूस चार वर्षे या नदीकाठी तळ ठोकून बसला, आणि भीमेच्या पुराने त्याच्या छावणीलाही सोडले नाही. पुढे आठ वर्षांत तो मेला. आता तेथे शेते आहेत. सत्तेच्या अनित्यतेवर प्रवचन द्यावयाचे तर इतकी चांगली जागा दुसरी नाही, पण आम्ही ते मोह टाळतो, कारण आजींना नदी दिसताच भलताच पेच पडला.

नदी दिसली की हात जोडावयाचे, डोळ्याला पाणी लावावयाचे, ही पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी विचारले, "हात लावला तर दीक्षा मोडते का?" आजी, दीक्षा इतकी तकलादू नाही. तहान लागली तर प्यावे, अंग मळले तर धुवावे (भीमेचे पाणी आता पिण्याजोगे उरलेले नाही, घरून घेऊन जावे हे बरे). फक्त पाण्याने पाप धुतले जाते असे मानू नये. थेरीगाथेत पुण्णा नावाच्या थेरीची गोष्ट आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी, पाणी भरणारी. मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत नदीत उतरावे लागे. तिने एका ब्राह्मणाला थंडीने कुडकुडत स्नान करताना पाहिले आणि विचारले की बाबा, तू कशाला भितोस? तो म्हणाला, पाप धुतो. त्यावर ती म्हणाली, असे असेल तर मासे, कासवे, सुसरी सगळे स्वर्गाला गेले असतील. आणि पाणी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरेल काय? पाणी भरणाऱ्या बाईने हे सांगितले, यातच सर्व आले. हंड्याचे ओझे जिने वाहिले तिला पाण्याची खरी किंमत कळली होती.

माचणूरच्या पुढे मंगळवेढे. चोखोबांचे गाव. गावकुसाच्या बांधकामावर वेठीने गेले असता भिंत कोसळून ते गाडले गेले, अशी परंपरा सांगते. साल 1338 मानतात. ज्या पंढरीनाथासाठी त्यांनी जन्म काढला, त्याच्या देवळात त्यांच्या जातभाईंना शिरावयास 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आम्ही चोखोबांना हसत नाही. नव्याने दीक्षा घेतलेले काही तरुण हसतात, ते चुकतात. भिंतीखाली मेलेला माणूस आपलाच होता. तो ज्या दारापाशी उभा राहिला त्या दारापाशी आपण उभे राहणार नाही, एवढा फरक बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात करून दिला.

याच भीमेच्या काठाने आणखी खाली जा. कुडलजवळ सीना तिला मिळते. पुढे कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती आहे. तेथे 1986 साली कालीमंदिराचे छत कोसळले तेव्हा मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेली एक शिळा उघडी पडली. तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख निघाले. कलिंगात ज्याने लाखभर माणसे मारली आणि मग ज्याला स्वतःच्या विजयाची लाज वाटली, तो अशोक. सन्नतीच्या शिळेवर कलिंगासाठी खास लिहिलेले दोन्ही लेख आहेत: प्रजा मला अपत्यासारखी आहे; अधिकाऱ्यांनी मत्सर, राग, निष्ठुरता, घाई, आळस टाकून वागावे; विनाकारण कुणी बंदीत पडू नये. त्याच शिळेवर बाराव्या लेखाचाही भाग आहे, ज्यात दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा करू नये असे सांगितले आहे. जवळच कनगनहळ्ळीला स्तूप निघाला; तेथील एका शिल्पाखाली राजा अशोकाचे नाव कोरलेले आहे. कोरेगावच्या शिपायाने तहानलेल्या डोळ्यांनी पाहिलेली नदी, बादशहाच्या छावणीत शिरलेली नदी, चोखोबांची चंद्रभागा, आणि अशोकाच्या शिळेजवळून जाणारी नदी एकच आहे. शेजारचे वारकरी तुमच्या दारावरून जातील तेव्हा मुलांनी त्यांची टवाळी करू नये, पाणी मागितले तर द्यावे. ज्यांना तळ्यावर पाणी नाकारले गेले त्यांच्या घरून पाणी दिले जावे, हे महाडलाच धरून आहे.

तर गेल्या माघात हे घर निघाले. आजी, सून, दोन नातवंडे आणि भाकरीचे गाठोडे. पहिल्या दिवशी आष्टीच्या धरणावर बसून त्यांनी वंदना म्हटली. नातवाने बापू गोखल्यांची गोष्ट धाकट्या बहिणीला सांगितली, तेव्हा तिने विचारले की तो आपला होता की त्यांचा. त्याला चटकन उत्तर देता आले नाही, आणि हे त्याने आम्हाला स्वतःच सांगितले. आजींनी मात्र लढाईपेक्षा धरणाचीच जास्त चौकशी केली. त्यांच्या सासरच्या घरात कुणीतरी दुष्काळात "तळ्याच्या कामावर" गेले होते असे त्यांनी सासूकडून ऐकले होते; कोणते तळे ते मात्र आता सांगणारे कुणी उरले नाही.

सन्नतीला जाण्याचे त्यांच्या मनात आहे. सोलापूर–वाडी मार्गावर पुढे नालवार स्टेशनला उतरावे लागते, आणि तेथून पुढचा रस्ता. नातू गाडीने जाऊ म्हणतो. आजी विचारतात, नालवारपासून पायी किती?